बुजऱ्या मुलाला घेऊन हाँगकाँग की सिंगापूर?

मूल चार ते सहा वर्षांचं आहे. घरात तोंड मिटत नाही, पण पाहुणे आले की सोफ्यामागे जातं. अशा मुलाला घेऊन पहिल्यांदा मोठ्या थीम पार्कला जायचं ठरलं की मुंबई-पुण्याकडच्या बऱ्याच घरांत शेवटी दोन नावं उरतात: हाँगकाँगचं डिस्नेलँड आणि सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज. मुंबईहून थेट विमान दोन्हीकडे साडेपाच-सहा तासांचं, घड्याळ दोन्हीकडे आपल्यापुढे अडीच तास, स्वच्छता आणि रांगेची शिस्तही सारखीच. त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. आमची निवड हाँगकाँगची झाली आणि ती एकाच कारणावरून झाली. ते कारण तुमच्या मुलाला लागू नसेल तर सिंगापूर तुम्हाला जास्त आवडू शकेल, हे आधीच सांगतो.

बुजरं मूल आणि भित्रं मूल ही दोन वेगळी मुलं. भित्र्याला उंची, वेग, अंधार नको असतो. बुजऱ्याला वेगाचं विशेष काही वाटत नाही. ते झोपाळ्यावर उंच जातं, काकाच्या मोटरसायकलवर पुढे बसतं. त्याला जड जातं ते अनोळखी. आत काय आहे, कोण हात धरणार, बाहेर कुठून यायचं हे कळलं नाही की त्याचे पाय जागचे हलत नाहीत. तीच गोष्ट पाच मिनिटं लांबून बघायला मिळाली की मग स्वतःच विचारतं, "मी जाऊ?" म्हणून पार्क निवडताना माझा पहिला प्रश्न असा असतो: रांगेत उभं राहायच्या आधी मुलाला ती राइड पूर्ण दिसते का?

सिंगापूर माझ्या लेखी इथेच मागे पडलं. तिथल्या ज्या राइडसाठी लोक जातात त्यांतल्या बऱ्याच बंद इमारतींत आहेत. ट्रान्सफॉर्मर्स आत, ममी आत आणि काळोखात, मिनियन मेहेम आत. लहानांसाठी असलेली आणि खरोखर सौम्य असलेली सेसमी स्ट्रीटची स्पेगेटी स्पेस चेससुद्धा आतच. बाहेरून दिसतो तो फक्त दरवाजा आणि वर मिनिटांचा फलक. शिवाय या पार्कांत रांग हाच खेळाचा पहिला अंक असतो. भिंतींवर पडदे, धोक्याच्या सूचना, कमी होत जाणारा उजेड आणि पुढून येणारे ओरडण्याचे आवाज. मोठ्यांची उत्सुकता वाढावी म्हणून ते केलेलं असतं. बुजऱ्या मुलाच्या बाबतीत रांगेतली तीच चाळीस मिनिटं उलटी लागू पडतात, आणि ऐन बसायच्या जागी, पट्टा लावणारी व्यक्ती समोर वाकली की नकार येतो.

तिथून परत फिरणं अवघड नसतं. दोन्ही पार्कांत कर्मचाऱ्याला "मूल बसणार नाही" एवढं सांगितलं की बाजूच्या वाटेनं बाहेर काढतात. आईवडिलांपैकी एकानं बसावं, दुसऱ्यानं मुलाजवळ थांबावं आणि मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल करावी अशी सोयही दोन्हीकडे आहे. रांगेत शिरतानाच पहिल्या कर्मचाऱ्याला ती विचारून घ्यावी. पण सोय असली तरी जो परिणाम व्हायचा तो होतोच. इतक्या वेळानंतर आपल्यामुळे सगळे परतले हे त्या वयाच्या मुलाला नेमकं कळतं, आणि त्यानंतर दिवसभर प्रत्येक दारापाशी "आत काय आहे?" सुरू होतं.

उंचीच्या खुणेचा घोळ इथेच होतो. सिंगापूरला ट्रान्सफॉर्मर्ससाठी १०२ सेंटिमीटर लागतात, जुरासिकच्या पाण्याच्या राइडला १०७, ममीला १२२. पाच वर्षांचं आपलं मूल साधारण १०५ ते ११०च्या आसपास असतं. म्हणजे ट्रान्सफॉर्मर्सची खूण पार होते आणि घरच्यांना वाटतं, चला, बसेल. ती खूण सीट आणि पट्टा अंगाला नीट बसतो की नाही यासाठी आहे. मूल आत काय अनुभवणार याचा त्या आकड्याशी संबंध नाही. सोबत चुलत-मावस भावंडं असली आणि त्यातलं एक १०६चं हौसेनं निघालं, की १०८वाल्यावर दबाव येतोच.

उघड्यावरच्या, लांबून बघता येणाऱ्या छोट्या राइड सिंगापूरलाही आहेत. मिनियन लँड २०२५च्या फेब्रुवारीत सुरू झालं, त्यात बगी बूगी हे मेरी-गो-राउंड आणि सिली स्वर्ली ही गोल फिरणारी राइड आहे. लॉस्ट वर्ल्डमध्ये डायनो-सोअरिन आहे. एन्चँटेड एअरवेज हे छोटं रोलरकोस्टर ९२ सेंटिमीटरपासून चालतं. पण त्या पार्कभर विखुरलेल्या आहेत आणि एकीकडून दुसरीकडे जाताना मोठ्या रोलरकोस्टरचा घरघराट ऐकत जावं लागतं. दुसरं म्हणजे पाऊस. सिंगापूरला वर्षभर कधीही दुपारी विजांसह सर येते, नोव्हेंबर ते जानेवारीत जास्तच. वीज आली की उघड्यावरच्या राइड थांबवतात. म्हणजे तुमच्या मुलाच्या कामाच्या ज्या चार, नेमक्या त्याच बंद होतात आणि हातात बंद इमारतीच उरतात.

आता हाँगकाँग. हे पार्क लहान आहे, आणि जगातली इतर डिस्नेलँड बघून आलेले लोक त्याला त्यावरून नावं ठेवतात. बुजऱ्या मुलाच्या दृष्टीनं लहान असणं हीच त्याची सोय. किल्ल्याच्या मागे फँटसीलँडमध्ये डम्बोचे उडते हत्ती, सिंड्रेलाचं कॅरोसेल आणि कपबश्या अशा तिन्ही राइड जवळजवळ आहेत, तिन्ही उघड्या बाजूंच्या आणि तिन्हींना उंचीची अट नाही.

डम्बोचं उदाहरण घ्या. कठड्याला टेकून उभं राहा, एकच हत्ती धरा, त्याच्या टोपीचा रंग मुलाला सांगा आणि एक फेरी पूर्ण बघू द्या. मूल कुठून चढलं, आई शेजारी बसली की नाही, पट्टा कुणी लावला, हत्ती वर कधी गेला, थांबल्यावर कुठल्या फाटकानं बाहेर आले. एक फेरी दीड-दोन मिनिटांची. तीन फेऱ्या बघितल्या तरी दहा मिनिटं होत नाहीत. मग बसल्यावर मुलाच्या हातात तो छोटा दांडा द्या. हत्ती वर न्यायचा की खाली ठेवायचा हे त्या दांड्यानं ठरतं. दांडा न उचलता ठेवला की हत्ती खालीच फिरत राहतो. "वर जायचं का ते तू सांग" एवढं म्हणून गप्प बसावं. कपबश्यांचंही तसंच. मधलं चाक कुणी फिरवलं नाही तर बशी बेताचीच गरगरते, म्हणून ते चाक मोठ्यांनी हातात घेऊ नये.

या तीन झाल्यावर मग बंद जागा घ्यायच्या, आणि त्यातही क्रम ठेवायचा. आधी इट्स अ स्मॉल वर्ल्ड. आत आहे, पण लख्ख उजेड, सावकाश होडी आणि कुठेही दचकवणं नाही. नंतर विनी द पू, त्यात थोडा अंधार आणि थोडे धक्के आहेत. फ्रोझनची होडी तिसरी. नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या वर्ल्ड ऑफ फ्रोझनमधली ही राइड लहानांनाही चालते, पण तिच्यात काळोख आहे आणि एक छोटी उतरण आहे, तेव्हा ती आधी सांगून ठेवावी. शेजारचं ओकेनच्या घसरगाड्यांचं रोलरकोस्टर ९५ सेंटिमीटरपासून आहे आणि ते बाहेरून दिसतं, म्हणून तो निर्णय मुलावर सोडता येतो. मिस्टिक मॅनर उत्तम राइड आहे, उंचीची अटही नाही, पण संगीत आणि अंधार दोन्ही शेवटाकडे चढत जातात. पहिल्या दिवशी नको.

मध्ये मूल थकलं, माणसं नकोशी झाली की फेअरी टेल फॉरेस्टमध्ये घुसा. गोष्टींमधली इवलीशी घरं मांडलेली ती एक छोटी बाग आहे. बसायचं-फिरायचं काही नाही, पट्टा नाही, कुणी हात धरत नाही. नुसतं चालत बघायचं. बहुतेक लोक पाच मिनिटांत उरकतात. बुजरं मूल तिथे अर्धा तास सहज काढतं आणि बाहेर येतं तेव्हा बोलायला लागलेलं असतं.

मिकीबिकीला भेटण्याबद्दल दोन्हीकडे एकच पथ्य. मुलाला ढकलू नका. मुखवट्यातली पात्रं बोलत नाहीत, फक्त हातवारे करतात, म्हणून ती सोपी. एल्सासारखी चेहरा उघडा असलेली पात्रं प्रश्न विचारतात, म्हणून ती अवघड. आधी दहा-बारा फुटांवरून हात हलवायचा, दुसऱ्यांदा आईच्या कडेवरून टाळी, फोटो जमला तर जमला. हाँगकाँगला फ्रोझनच्या भागात प्लेहाउस इन द वुड्स नावाचा छोटा खेळ आहे. त्यात एल्सा, अॅना आणि ओलाफ सगळ्यांसमोर येतात, त्यामुळे मागे बसून नुसतं बघता येतं. एकेकट्यानं समोर जायची पाळी येत नाही. सिंगापूरला ट्रान्सफॉर्मर्सची पात्रं भेटतात, ती अवाढव्य असतात आणि मोठ्या आवाजात बोलतात. पाच वर्षांच्या मुलाला ती घरी टीव्हीवर कितीही आवडत असली तरी समोर उभं करायच्या आधी लांबून एकदा दाखवाच.

रात्रीच्या खेळासाठी अडीच तासांचा फरक आपल्या बाजूनं आहे. तिथले रात्रीचे नऊ म्हणजे मुलाच्या पोटातले साडेसहा, त्यामुळे झोपेची किरकिर नसते. पण हाँगकाँगच्या मोमेंटस या खेळात फटाके, ज्वाळा आणि दणदणीत संगीत असतं. किल्ल्यासमोर गर्दीत उभं राहण्याऐवजी पार्कातल्या मेन स्ट्रीट या रस्त्याच्या प्रवेशाकडच्या टोकाला थांबा आणि मुलांसाठीचे, आवाज कमी करणारे इअरमफ घरून घेऊन जा. आदल्या आठवड्यात ते घरी मिक्सर चालू असताना घालून सवय करावी, नाहीतर तिथे मुलं ते डोक्याला लावूच देत नाहीत. सकाळी मात्र हाच फरक अंगावर येतो. तिथले आठ म्हणजे आपले साडेपाच. मुलाला उठवून गेट उघडताना पळवू नका, साडेदहाला पोचलात तरी चालेल.

हाँगकाँगच्या अडचणीही आहेत. जून ते सप्टेंबर उकाडा आणि वादळं, मेमध्येही चिकचिक आणि पाऊस. दिवाळीची सुट्टी सर्वात बरी, मात्र १ ते ७ ऑक्टोबर हा चीनमधल्या राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा टाळावा. शाकाहारी जेवण मिळतं, पण पर्याय मोजके, म्हणून मुलासाठी खाकरे, दशम्या, लाडू बरोबर असावेत. सिंगापूर या बाबतीत कितीतरी सोपं. लिटल इंडियात डोशापासून थाळीपर्यंत सगळं मिळतं. युनिव्हर्सलच्या पलीकडे मंडाईचं प्राणिसंग्रहालय आणि बर्ड पॅरडाइज आहे, सेंटोसावर मत्स्यालय आहे. काचेपलीकडचे मासे बुजऱ्या मुलाला काही विचारत नाहीत, म्हणून ते तिथे फुलतं. आजी-आजोबा बरोबर असतील, मूल सात-आठचं झालं असेल किंवा डायनोसॉर हेच त्याचं जग असेल, तर सिंगापूरला जायला माझी हरकत नाही. फक्त सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला युनिव्हर्सलमध्ये ठरावीक रात्री हॅलोवीनचे भयखेळ असतात. त्या दिवशी नेहमीचं पार्क लवकर बंद होतं आणि त्याची सजावट दिवसाही दिसते. दिवाळी लवकर आलेल्या वर्षी तारखा बघूनच तिकीट काढा.

ग्रुप टूरनं जाणार असाल तर दोन्हीकडे एक गोष्ट आधी विचारून घ्या, दुपारी मुलाला हॉटेलवर परत नेता येईल का. बहुतेक सहलींत सकाळी गेटवर सोडतात आणि रात्री तिथूनच उचलतात. बुजरं मूल माणसांच्या गलक्यानं दमतं आणि दोनच्या सुमारास त्याचा दम संपतो.

त्यामुळे हाँगकाँगला राहायचं कुठे हेही महत्त्वाचं आहे. शहरातल्या चिम शा चुई भागात स्वस्त हॉटेलं आणि भारतीय जेवण आहे, पण तिथून मेट्रोनं लाय किंग आणि सनी बे अशा दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते, दुपारी परत येणं जमत नाही. पार्कच्या आवारातली तीन हॉटेलं महाग आहेत. मधला मार्ग तुंग चुंगचा, तिथून सनी बे हे एकच स्टेशन. सनी बेला डिस्नेची खास गाडी मिळते, तिच्या खिडक्या आणि धरायच्या कड्या मिकीच्या आकाराच्या आहेत. मुलाची मिकीशी पहिली ओळख या न हलणाऱ्या, न बोलणाऱ्या मिकीशी होते, ते बरंच.

तिकिटाचं वय वेगळं आहे. हाँगकाँगला तीन वर्षं पूर्ण झाली की मुलाचं तिकीट लागतं, सिंगापूरला चार. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटकडून पैसे भरून काढावा लागतो. हाँगकाँगला भारतीय पासपोर्टवर चौदा दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी ऑनलाइन पूर्वनोंदणी पुरते, ती मोफत आहे, पण मुलाची वेगळी करावी लागते आणि तिची छापील प्रत बरोबर ठेवावी लागते. जमलं तर एका लांब दिवसाऐवजी दोन अर्धे दिवस ठेवा. पहिल्या दिवशी कठड्यापाशी उभं राहून नुसता बघितलेला हत्ती दुसऱ्या दिवशी ओळखीचा झालेला असतो, आणि मग मूल तुमच्या आधी रांगेकडे निघतं.