जिप्सीचा ‘आर्मी डिस्पोजल’ ट्रान्सफर गियरबॉक्स: जुन्या गाड्यावाल्यांनो, जपून

दिल्लीकडच्या एका विक्रेत्याकडून मी मारुती जिप्सीचा जुना ट्रान्सफर गियरबॉक्स (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी) मागवला आणि १८,००० रुपये घालवले. ट्रान्सपोर्टचं भाडं वेगळं. आपल्याकडे देवगड-मालवण पट्ट्यात अजून बऱ्याच जिप्सी बागांतून आणि किनाऱ्यावरून फिरतात, आणि त्यातल्या निम्म्या तरी मालक स्वतःच उघडतो-जोडतो. त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण ही फसवणूक बेतलेलीच आहे घरी काम करणाऱ्यांवर. गॅरेजवाला पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे सोडत नाही.

माझी गाडी १.३ लिटरची जिप्सी किंग. कातळावरच्या बागेतून आंब्याच्या पेट्या खाली आणायच्या तर फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गियर) लागतंच. गेल्या हंगामात लोमध्ये उतरताना ट्रान्सफरचा लिव्हर आपोआप न्यूट्रलला उडायला लागला. चढावर एक वेळ ठीक, पण उतारावर मागे पेट्या भरलेल्या असताना इंजिनाचा ब्रेक असा अचानक सुटला की पोटात गोळा येतो. जिप्सीत ट्रान्सफर मुख्य गियरबॉक्सपासून वेगळा असतो. मध्ये एक छोटा शाफ्ट आणि तीन रबर माउंटिंग, त्यांवर तो लटकतो. प्रोपेलर शाफ्ट सोडवले, लिव्हर आणि स्पीडोमीटरची केबल काढली की जॅकवर अलगद खाली येतो. म्हणून माझ्यासारखे लोक उघडून दुरुस्त करण्यापेक्षा दुसरा आणून बसवायचा विचार करतात. १९८५ साली आलेली ही गाडी २०१९च्या सुमारास बनायची थांबली, त्यामुळे जुन्या पार्टचं मार्केट फोनवरच्या जाहिरातींवर चालतं.

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘आर्मी डिस्पोजल, कमी चाललेला, एकदाही न खोललेला’. डिस्पोजल म्हणजे लष्कराने लिलावात काढलेला माल. लष्कराकडे जिप्सी भरपूर होत्या हे सगळ्यांना माहीत, म्हणून ही थाप पटकन खपते. मी कागद मागितला. लिलावाच्या कागदात सगळा लॉट एकत्र असतो, सुट्या पार्टचा कागद कुठून देणार, असं उत्तर आलं. ऐकायला अगदी बरोबर. व्हिडिओ कॉलवर त्याने फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जोडायची चकती) हाताने फिरवून दाखवला. लोण्यासारखा फिरत होता, खरखर नाही, ढिलेपणा नाही.

खरी गंमत पुढे आहे. मी कोकणातला म्हटल्यावर तो म्हणाला, “तुमच्याकडे खारी हवा. असाच पाठवला तर महिन्यात गंजेल. आम्ही अँटी-रस्ट कोट मारून देतो, फुकट.” ज्याच्या गाडीचा पत्रा दर पावसाळ्यात झडतो त्याला याहून गोड काय ऐकवणार?

पैशांचं असं ठरलं: ५,००० आधी आणि बाकीचे बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर. बिल्टी खरी होती, नंबरही ऑनलाइन लागत होता. पण पाठवणाऱ्याचं नाव वेगळं, पैसे ज्या खात्यात गेले त्याचं वेगळं. मालाचं वर्णन ‘पुराना लोहा’ आणि किंमत काहीशे रुपये लिहिलेली. विचारलं तर म्हणे, भाडं कमी पडावं म्हणून तसं लिहितो. त्याचा खरा उपयोग नंतर कळतो. माल फुटला, बदलला, काहीही झालं तरी कागदावर तुम्ही भंगार मागवलेलं असतं.

पार्सल टू-पे होतं. कणकवलीजवळच्या गोडाउनवर भाडं भरा, सही करा, मग खोका घ्या. सही आधी खोलू देत नाहीत. त्यात त्या कारकुनाचा दोष नाही, त्यांचा नियमच तसा. पण बघा, बिल्टीच्या फोटोपासून खोका उघडेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढ्यात सगळे पैसे गेलेले असतात, आणि बघायची वेळ त्यानंतर येते. या धंद्याची सगळी मेख तिथे आहे.

घरी आणून पडवीत ठेवला. आमचे मेस्त्री सहज डोकावले, एकदा पाहून म्हणाले, “रंग बरो आसा. आत काय आसा ता बघ.”

हिरवा रंग इतका सारखा की बोल्टच्या डोक्यांवरही. पण रंगाखाली बोल्टचे कोपरे झिजून गोल झालेले, म्हणजे पाना अनेकदा लागलेला. दोन बोल्ट वेगळ्याच मापाचे. माउंटिंगच्या एका कानावर (पेटीच्या बाहेर आलेला, बोल्ट बसतो तो भाग) पाना ठोकला तर इतर दोन कान टणटण वाजले, हा बद्द वाजला. स्क्रू ड्रायव्हरने खरवडल्यावर रंगाखालून राखाडी एम-सील निघालं आणि त्याच्याखाली आडवी चीर. तसाच बसवला असता तर लोमध्ये पहिल्या जोराच्या झटक्याला कान तुटून अख्खा ट्रान्सफर खाली वाकडा झाला असता.

ड्रेन प्लग काढला तर तेल आलंच नाही. थोड्या वेळाने काळी घट्ट ग्रीस लोंबायला लागली. बोटांत चोळली तर लोखंडाची चमचम. तो लोण्यासारखा फिरणारा फ्लँज या ग्रीसमुळे तसा फिरत होता. उघडल्यावर लो गियरचे दात टोकाला उडालेले, आणि फोर्कची (गियर सरकवणाऱ्या चिमट्याची) खाच माझ्या जुन्या ट्रान्सफरपेक्षाही झिजलेली.

फोन केला. आधी उत्तर मिळालं, “गाडीला बसवून चालवून बघा, त्याशिवाय कसं कळणार?” फोटो पाठवल्यावर उत्तर बदललं, “तुम्ही खोललात, आता वॉरंटी गेली.” बसवला तर वापरलेला, खोलला तर वॉरंटी नाही. नंतर नंबर लागेना.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, तक्रार केली, तक्रारीचा नंबर मिळाला, पण वस्तू मिळालेली असल्यामुळे हा खरेदीविक्रीचा वाद धरला गेला. मग ग्राहक हेल्पलाइन, १९१५. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, म्हणजे माझी सिंधुदुर्गनगरीला. दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता हवा, आणि जीएसटी बिल नसेल तर तो शोधण्यातच दम निघतो. बिल मागितल्यावर जो ‘१८ टक्के वाढतील’ म्हणतो, त्याला वाढू दे म्हणा. नसेल देत तर तिथेच फोन ठेवा.

जुना पार्ट घ्यायचाच तर न रंगवलेला, तेलकट, मळका मागा. त्या मळात गळती कुठून आहे, कुठला बोल्ट हलवलाय, सगळं दिसतं. व्हिडिओवर ड्रेन प्लग काढून तेल ओतायला सांगा, तिन्ही कान घासून दाखवायला सांगा. चांगला विक्रेता कंटाळेल, पण दाखवेल. शक्य असेल तर मुंबईत राहणाऱ्या एखाद्या भाच्या-पुतण्याला कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात पाठवून हातात घेऊनच उचला.

माझा जुना ट्रान्सफर शेवटी मेस्त्रींबरोबर बसून उघडला. बेअरिंगवरचे नंबर वाचून कुडाळच्या दुकानातून नवीन आणली, फोर्क आणि ऑइल सील बदलले. दिल्लीच्या खोक्यातून एक फ्लँज तेवढा कामाला आला. लो आता धरून ठेवतो.