शहापूरचा शनिवारचा मिताक्षरा वर्ग: तास उत्तम, टिपण जुनं

बेळगावात शहापूर भागात मराठीतून चालणारा हा वर्ग सहा शनिवारांचा आहे. विषय मिताक्षरा, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृती या धर्मशास्त्राच्या ग्रंथावरची विज्ञानेश्वराची टीका. आचार, व्यवहार (म्हणजे कज्जे-खटले), प्रायश्चित्त या तीन अध्यायांपैकी आचार पहिल्याच तासात उरकतात, ते बरंच आहे. गाभा पुढे: नुसतं पाप कशात, आणि फिर्याद कशात होते.

चौथा शनिवार चुकवू नका, त्यात बापाच्या मालमत्तेची भावाभावांतली वाटणी असते. मनूने थोरल्याला विसावा हिस्सा जादा सांगितलाय, मधल्याला त्याच्या निम्मा, धाकट्याला पाव. फळ्यावर दोन एकर, म्हणजे ८० गुंठे मांडतात. आधी ४, २ आणि १ गुंठा बाजूला, मग उरलेल्या ७३ चे तीन सारखे वाटे. थोरल्याला २८ गुंठ्यांच्या वर, धाकट्याला २५ च्या वर. मग विज्ञानेश्वर सारखी वाटणी का धरतो? तो म्हणतो, अतिथीला बैल नाहीतर बोकड द्यावा असंही वचन आहेच की, पण लोकांना रुचेना म्हणून सुटलं. धर्माला धरून असलं तरी लोकांना नकोसं झालेलं करू नये, या याज्ञवल्क्याच्याच वचनावर तो थोरल्याचा जादा वाटा मोडतो. तेही चालुक्य विक्रमादित्याच्या काळात, इथल्याच कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात! ‘थोरल्याचा मान शास्त्रातला आहे’ म्हणत बांधावर भांडणाऱ्यांना तिथे आणून बसवावं.

पाचव्या तासाला बापाचं कर्ज. ते मुलाने फेडायचं. पण दारू, जुगार, बाहेरख्यालीपणा यांचं कर्ज आणि दंडाची बाकी मुलाच्या माथी नाही. समजावतात छान.

बिघडतं ते वर्गाच्या छापील टिपणात. हे कर्ज कोर्ट आजही मुलाकडून वसूल करतं असं त्यात छापलंय. हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीमुळे ९ सप्टेंबर २००५ पासून काढलेल्या कर्जासाठी निव्वळ पुत्रधर्म म्हणून तसं करता येत नाही. त्याच दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मापासून मुलाइतका वाटा दिला, त्याला टिपणात एक ओळ. कर्नाटकाने १९९४ मध्येच, तोवर लग्न न झालेल्या मुलींना तो दिला होता, त्याचा पत्ताच नाही. या टिपणावर घरची वाटणी ठरवाल तर बहिणीचा दावा आलाच समजा.

संस्कृत येत नसलं तरी अडत नाही, वही मात्र न्या. सहाव्या शनिवारी नुसती उजळणी असते. तो तास बहिणीच्या वाट्याला द्यायला हवा होता: थोरल्याचा जादा वाटा ज्या वचनावर मोडला, तेच वचन इथेही लागू पडतं का?