नागपूरच्या बर्डीवरचे जुने कार अ‍ॅम्प दुरुस्त करणारे काका, माझा अनुभव

बाबांच्या एस्टीममध्ये 2004 साली बसवलेला चार चॅनलचा अ‍ॅम्प (स्पीकरना ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) आहे, क्लास एबी या जुन्या पद्धतीचा, चांगला वजनदार. मे महिन्यात दुपारभर गाडी रामदासपेठेत उन्हात उभी होती, संध्याकाळी स्टार्ट केली तर गाणी बंद आणि अ‍ॅम्पवर प्रोटेक्टचा (बिघाड जाणवला की अ‍ॅम्प स्वतःला बंद करतो, त्याचा) लाल लाईट लागून राहिला.

पहिले घरीच पाहिलं. चारही स्पीकरच्या वायरी काढल्या, आरसीए (स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणारी केबल) काढली, फक्त प्लस, अर्थ आणि रिमोट (स्टिरिओ लावला की अ‍ॅम्प चालू करणारी वायर) ठेवला, तरी लालच. तुमचाही अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये गेला तर हे आधी करा, स्पीकर काढल्यावर लाईट गेला तर बहुतेक अ‍ॅम्प ठीक असतो, एखादी स्पीकरची वायर बॉडीला लागत असते किंवा स्पीकरची कॉईल जळलेली असते. माझ्याकडे तसं नव्हतं, म्हणजे बिघाड आतच.

एका दुकानात नेला तर त्यांनी स्क्रूसुद्धा न उघडता सांगितलं की जुना माल आहे, पार्ट मिळत नाही, नवीन घेऊन टाका. मला ते पटलं नाही. मग मित्रानं बर्डीवर मोदी नंबर तीनच्या मागच्या बाजूला पहिल्या मजल्यावर बसणाऱ्या या काकांकडे पाठवलं.

काकांनी माझ्यासमोर खालची पत्रा प्लेट काढली, बोर्ड बाहेर घेतला आणि मीटर डायोडवर ठेवून एकेका आउटपुट ट्रान्झिस्टरच्या पायांना टोक लावत गेले. मागच्या डाव्या चॅनलवर आले आणि मीटर सलग बीप करत राहिला. "भाऊ, हा शॉर्ट आहे, पण एकटा नाही बदलायचा, जोडी बदलायची," आणि त्याच्या एमिटरच्या पायाला जोडलेला रेझिस्टर मोजला तर तोही ओपन, म्हणजे आतून तुटलेला. पॉवर सप्लायचे मॉस्फेट (बॅटरीचा करंट वेगानं चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) मात्र सगळे शाबूत निघाले.

मला सगळ्यात आवडलं ते हे की काका तिथं थांबले नाहीत, ट्रान्झिस्टर गेला काहून ते शोधलं. बोर्ड बॉडीपासून सोडवला तर अभ्रकाच्या पट्टीखालची थर्मल पेस्ट खडूसारखी वाळून भुकटी झालेली, नखानं खरवडली तर पांढरी पूड पडली. उष्णता बॉडीत जाणारच कशी? सप्लायच्या दोन कपॅसिटरची टोपीही फुगलेली होती. ते 105 डिग्रीपर्यंत टिकणारे टाकले, आपल्या इथल्या उन्हात डिकीत 85 वाले कशाला टाकायचे. सगळ्या चॅनलची जुनी पेस्ट पुसून नवीन लावली.

पहिल्यांदा पॉवर देताना त्यांनी प्लसच्या वायरमध्ये हेडलाईटचा 12 व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये लावला. बल्ब क्षणभर पेटला आणि विझला. पेटलेलाच राहिला असता तर अजून कुठंतरी शॉर्ट आहे असं समजायचं, आणि बल्ब करंट अडवतो म्हणून नवीन ट्रान्झिस्टर सहसा वाचतात. नंतर बायस (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट) सेट केला, अर्धा तास गरम होऊ दिला, परत तपासला.

आता नावडलेलं. चार दिवस सांगून नऊ दिवस लागले आणि मधे फोन उचलत नाहीत, यावर मी खरंच वैतागलो होतो. कारण विचारलं तर म्हणाले की इथं मिळालेली जोडी डुप्लिकेट वाटली म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवली. कारण योग्य आहे, पण एक मेसेज टाकायला काय जातं? जिना अरुंद आहे आणि गाडी लावायला जागा नाही, टू व्हीलरनंच जा. एकूण 1,900 रुपये घेतले, तीन महिन्यांची गॅरंटी बिलावर लिहून दिली आणि काढलेले पार्ट पुडीत बांधून परत दिले.

देताना म्हणाले, गाडीतली अर्थ पहा. घरी पाहिलं तर वायर सीटच्या बोल्टला रंगावरच कसलेली, आवाज वाढवून मोजलं तर बॅटरीच्या मायनसपासून तिथपर्यंत 0.7 व्होल्ट पडून राहिले होते. रंग सँडपेपरनं घासून लोखंड उघडं केलं, परत कसलं, आता 0.1 च्या खाली येतं आणि लाईट हिरवा आहे.