पहिले सिझर असताना नॉर्मल प्रसूतीचा प्रयत्न: एका प्रसूतिसेवेविषयी अभिप्राय

माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण सिझरने झाले होते आणि दुसऱ्या वेळी नॉर्मल प्रसूती व्हावी अशी तिची इच्छा होती. त्यासाठी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात घेतलेल्या सेवेबद्दल, रुग्णालयाचे नाव न देता, हे लिहीत आहे.

डॉक्टरांनी होकार वा नकार देण्याआधी पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणे मागितली. पोटावरची खूण आडवी असली तरी गर्भपिशवीवरचा छेद आडवाच असेल असे नाही, आणि कळांच्या ताणाने पिशवी फाटण्याचा धोका प्रामुख्याने त्या आतल्या छेदावर ठरतो, हे त्यांनी चित्र काढून समजावले. पिशवीच्या खालच्या भागात एकच आडवा छेद असेल तर कळा येऊ दिल्यास हा धोका साधारण 200 मध्ये 1 इतका असतो. वरच्या भागात उभा छेद असेल तर तो कितीतरी पटींनी वाढतो आणि प्रयत्न करूच नये. असे प्रयत्न केलेल्या 100 पैकी सुमारे 70 ते 75 जणींची प्रसूती योनिमार्गे होते, हेही त्यांनी सांगितले. पिशवी फाटल्यास काही मिनिटांत बाळाचा प्राणवायू तुटू शकतो आणि क्वचित पिशवी काढावी लागते, हे त्यांनी लपवले नाही. त्याचबरोबर प्रत्येक वाढत्या सिझरबरोबर पुढच्या गरोदरपणात वार (पिशवीला चिकटून बाळाला पोसणारा अवयव, प्लासेंटा) खाली किंवा जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो, ही दुसरी बाजूही सांगितली. इतके स्पष्ट आकडे आम्हाला यापूर्वी कोणीच दिले नव्हते.

प्रत्यक्ष तयारीही बोलण्याला साजेशी होती. कळा आपोआप सुरू होण्याची वाट पाहिली गेली, कारण औषधाने त्या आणल्यास धोका वाढतो. रक्ताची सोय आधीच केली होती, भूलतज्ज्ञ रात्रीही रुग्णालयातच होते आणि बाळाच्या ठोक्यांची नोंद सलग चालू होती. पहाटे ठोके वारंवार मंदावू लागले, तेव्हा वेदना किंवा रक्तस्राव सुरू होण्याची वाट न पाहता डॉक्टरांनी तातडीने सिझर केले. जुन्या टाक्याची जागा कागदासारखी पातळ झालेली आढळली, पण पिशवी फाटली नव्हती. आई आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत. नॉर्मल प्रसूती झाली नाही, तरीही मी ही सेवा उत्तम मानते, कारण प्रयत्न थांबवण्याची वेळ त्यांनी अचूक ओळखली.

दोन उणिवा मात्र गंभीर आहेत. संमतिपत्र फक्त इंग्रजीत होते. ज्या कागदावर जीविताचा धोका मान्य करून सही करायची, तो मराठीत असलाच पाहिजे. तसेच प्रयत्न अर्धवट सोडून सिझर करावे लागल्यास एकूण खर्च किती होईल, हे आधी लेखी दिले गेले नाही आणि बिलाच्या वेळी कुटुंबाची ओढाताण झाली. असा प्रयत्न करू इच्छिणाऱ्यांनी दोन्ही शक्यतांचे अंदाजपत्रक सातव्या महिन्यातच मागून घ्यावे.