आजीच्या पातेल्याला कल्हई, तांबट आळी
मला वस्तूंचा सोस अजिबात नाही, सेल लागला की मी नोटिफिकेशनच बंद करतो, पण आजीचं पितळी पातेलं मोडीत द्यायला काही हात धजेना. कल्हई पार उडालेली, आमटी केली की कळकायची, म्हणून शेवटी पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत घेऊन गेलो. तिथल्या कल्हईवाल्या काकांनी ते निखाऱ्यावर तापवलं, नवसागर टाकला, भसकन पांढरा धूर, मग कथील लावून कापसाचा बोळा असा काही फिरवला की दोन मिनिटांत आतून चांदीच! २५० रुपये घेतले, वर्थ आहे. तासभर थांबावं लागलं ते सोडा. काठावर आजीचं माहेरचं नाव कोरलंय, ते त्यांनी स्वतःहून जपून पुसून स्वच्छ केलं, त्याला माझे पाचही स्टार. आज चिंचगुळाची आमटी त्यातच केली.