घरच्या गॅरेजमधलं वर्कशॉप: वर्ष होत आलं, काय कामाला आलं आणि काय नुसतं धूळ खातंय

आधी सांगतो की मी मेकॅनिक नाही, हौशी माणूस. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, प्लग, बॅटरी एवढी कामं घरी करतो, इंजिन उघडायच्या भानगडीत पडत नाही. त्यामुळे हा अनुभव तेवढ्यापुरताच धरा.

सगळ्यात जास्त वसूल झालेली वस्तू म्हणजे जॅक स्टँडची जोडी, म्हणजे उचललेली गाडी ज्यांवर टेकवून ठेवायची ते पक्के आधार. ट्रॉली जॅक सगळेच घेतात, पण जॅक हा फक्त उचलायला, आत सील असतं आणि ते गळालं की गाडी हळूहळू किंवा एकदम खाली येते, म्हणून नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. माझ्या स्टँडना खाचांबरोबरच वेगळी लॉकिंग पिनही आहे, ती असलेलेच घ्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे, मग जॅक, मग स्टँड, आणि खाली जायच्या आधी गाडी दणकून हलवून बघायची. हलली तर तिथेच कळलेलं बरं.

गोटी पाने (सॉकेट) घेताना सहा कोनीच घ्या. बारा कोनी पटकन बसतो हे खरं, पण गंजलेल्या बोल्टवर जोर दिला की कोपरे गोल करून ठेवतो आणि मग पक्कड, हातोडा, शिव्या सगळं निघतं. रॅचेट (गोटी न काढता मागेपुढे करत फिरवायचा दांडा) ७२ दात्यांचं आहे, म्हणजे ५ अंश हलवायला जागा मिळाली तरी पुढचा दात पकडतो, अडचणीच्या जागी याची किंमत कळते. इम्पॅक्ट गनला (धक्के देत नट फिरवणारं मशीन) मात्र काळ्या इम्पॅक्ट गोट्याच लावा, चकचकीत क्रोमवाल्या तडकू शकतात. आणि गन फक्त खोलायला हां, आवळायला टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की खूण देणारा पाना.

टॉर्क रेंचबद्दल लोक म्हणतात हाताला अंदाज येतो. येत असेल, पण इंजिनच्या अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग आवळताना आटे गेले तर तो अंदाज फार महागात पडतो. क्लिकवाला घेतलाय, आकडे गाडीच्या मॅन्युअलमधूनच बघतो, टक् झालं की थांबायचं, खात्रीसाठी म्हणून अजून एकदा ओढायचं नाही. काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवतो, नाहीतर स्प्रिंगवर ताण राहतो. एकच मोठा रेंच सगळीकडे चालत नाही, स्केलच्या अगदी तळाला त्याचा भरवसा कमी, म्हणून प्लगसाठी छोटा वेगळा आहे.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) छान आहे पण तो पार्ट सांगत नाही, लक्षण सांगतो. गाडी थरथरायला लागली तेव्हा पी०३०१ आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाही. आता तो प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती), इंजेक्टर (इंधन फवारतो तो) कशानेही असू शकतो. पहिल्याची कॉइल काढून दुसऱ्यावर लावली, कोड पुसला, चक्कर मारून आलो तर पी०३०२! दोष कॉइलबरोबर सरकला, विषय संपला, नवीन कॉइल टाकली. कोड बघून सरसकट पार्ट मागवत बसलो असतो तर बराच भुर्दंड पडला असता.

लाइटवर खर्च करा. छताची ट्यूब कितीही झगझगीत असली तरी बॉनेटमध्ये वाकलं की आपलीच सावली कामावर पडते. चुंबकवाला चार्जिंगचा दिवा आणि चुंबकाचीच ताटली, या दोन गोष्टींनी हरवलेले बोल्ट शोधायचा वेळ वाचवलाय.

पडून काय राहिलं? तो शेकडो तुकड्यांचा टूल सेट. त्यातले नेहमीच्या मापाचे, १० ते १९ मिमी, एवढेच हातात येतात (१० चा कायम गायब असतो, तो जास्तीचाच घेऊन ठेवा), बाकी बॉक्स बंद. कंप्रेसरचा मोह होतो, पण मी करतो त्या कामांना बॅटरीवरची गन पुरते आणि जागाही नाही. पुढचा खर्च झाला तर एका बऱ्या व्हाइसवर (टेबलावर बसवायचा, वस्तू घट्ट धरणारा शिकंजा), कारण गंजलेला बुश एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ठोकणं आता पुरे झालं.