अतिहलका स्नोबोर्ड की नेहमीच्या वजनाचा? घेण्याआधी करायची तुलना

एकाच लांबीचे दोन स्नोबोर्ड दोन हातांत धरून पाहिले की निवड तिथेच झाल्यासारखी वाटते. हलका बोर्ड हाताला इतका सुखावतो की जड बोर्ड लगेच मांडणीवर परत जातो. पण बोर्ड हातात धरून नाही, पायाला बांधून चालवायचा असतो, आणि हिशोब चुकतो तो इथेच.

आकडे आधी पाहू. 158 सेंमी लांबीचा नेहमीच्या बांधणीचा बोर्ड साधारण 2.8 ते 3.2 किलो भरतो. त्याच लांबीचा अतिहलका बोर्ड 2.2 ते 2.5 किलोच्या आसपास असतो. म्हणजे फरक अर्ध्या ते पाऊण किलोचा. मात्र उतारावर पायात बाइंडिंगची, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडींची, जोडीही असते, दीड ते दोन किलोची, आणि बुटांची जोडी आणखी दोन किलोंच्या घरात जाते. एकूण सातेक किलोंच्या सामानात 600 ग्रॅम कमी झाले, म्हणजे आठ-नऊ टक्के. हातात धरल्यावर हाच फरक वीस टक्के वाटत होता.

वजन उतरतं कुठून

सर्वात मोठा वाटा गाभ्याचा, म्हणजे कोअरचा. 158 सेंमीच्या बोर्डाचं क्षेत्रफळ सुमारे 4,000 चौरस सेंमी असतं. कोअर मध्ये जाड आणि टोकांना पातळ असतो. सरासरी जाडी साडेपाच मिलिमीटर धरली, तर 2,200 घन सेंमी लाकूड झालं. पॉप्लरचं असेल तर ते साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास, पौलोनियाचं असेल तर सहा-सव्वासहाशे. नुसतं लाकूड बदलून तीनशे ग्रॅम गेले. काही बोर्डांत पौलोनियाबरोबर बाल्साच्या पट्ट्या असतात, तर काहींत टोकांकडे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळ जाळी. तिथे वजन आणखी घटतं.

दुसरा वाटा तळाचा. तळाच्या पॉलिथिनची जाडी 1.5 मिमीवरून 1.2 मिमीवर आणली की सुमारे 110 ग्रॅम वाचतात. उरलेली बचत ग्लास फायबरचं कापड आणि ते चिकटवणारी इपॉक्सी यांतून येते. नेहमीच्या बोर्डात कोअरच्या वर-खाली ग्लास फायबरचे भरीव थर असतात. हलक्या बोर्डात ग्लासचं पातळ कापड घेऊन, कमी झालेला ताठपणा कार्बन फायबरच्या पट्ट्यांनी भरून काढतात. कार्बन ग्लासपेक्षा हलका असतो आणि ताठपणा सुमारे तिप्पट देतो. त्यामुळे बोर्ड हलका होऊनही मऊ पडत नाही, उलट बरेचदा जास्त टणक आणि झटपट परतणारा होतो.

म्हणून बोर्ड हलका असल्याचं कळलं की पुढचा प्रश्न विचाराच: हलका कशामुळे? लाकडामुळे असेल तर एक गोष्ट, तळ आणि धातूच्या कडा पातळ केल्यामुळे असेल तर दुसरी. पातळ तळाला दगडाची खोच लवकर आरपार जाते, आणि पातळ कडा मोजक्याच वेळा घासता येतात.

50 ग्रॅम कुठे आहेत, यावर सगळं ठरतं

हा भाग नीट समजून घ्या. जाहिरातीतल्या एकूण वजनात तो कधीच दिसत नाही. बोर्ड फिरवताना लागणारा जोर वजनाबरोबरच मध्यापासूनच्या अंतरावर अवलंबून असतो, आणि तोही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. बाइंडिंग मध्यापासून साधारण 28 सेंमीवर असतं. बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, 70 सेंमीवर धरा. अंतर अडीच पट, म्हणून परिणाम सव्वासहा पट. नाकावरचे 50 ग्रॅम फिरवताना बाइंडिंगखालच्या 300 ग्रॅमइतके जड पडतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, फक्त टोकं हलकी केलेला 2.7 किलोचा बोर्ड झाडांमधून वळताना किंवा हवेत गिरकी घेताना सर्वांगाने हलक्या केलेल्या 2.5 किलोच्या बोर्डाइतकाच चपळ वाटू शकतो. दोन, बाइंडिंगमध्ये वजन वाचवण्याचा आटापिटा फिरण्यासाठी तितका उपयोगाचा नाही. उलट हलक्या बोर्डावर जाड रबरी पायपट्टी असलेलं, शे-दोनशे ग्रॅम जास्तीचं बाइंडिंग ही आमच्या मते चांगली जोडी आहे. वजन पायाखालीच राहतं आणि बोर्डाचा खडखडाट पायापर्यंत कमी पोहोचतो.

कडक बर्फावर

नेहमीच्या वजनाचा बोर्ड इथे सरळ जिंकतो. सकाळचा गोठलेला उतार, उतार सपाट करणाऱ्या यंत्राच्या आदल्या दिवशीच्या रेघा, मधूनच लागणारा निळसर बर्फ, असं असलं की प्रत्येक बारीक उंचवटा बोर्डाला वर ढकलतो. वस्तुमान कमी असेल तर तोच धक्का बोर्डाला जास्त उचलतो, आणि ताठ-हलक्या बोर्डाची कंपनंही जास्त वेगाची होतात. पायाला ते थरथरीसारखं जाणवतं. थरथर नुसती त्रासाची असती तर चाललं असतं. पण कड क्षणभर जरी बर्फावरून सुटली तरी पकड जाते, आणि लांब वळणाच्या मध्यावर बोर्ड बाजूला घसरतो.

शर्यतीचं उदाहरण बोलकं आहे. पॅरलल जायंट स्लॅलमच्या बोर्डांत टायटॅनल या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे पत्रे घालतात आणि वर बाइंडिंगखाली प्लेटही बसवतात. जिथे सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी झगडा असतो, तिथे जास्तीचं वजन खुशीने घेतलं जातं, कारण त्या बदल्यात कड बर्फावर टिकते.

दुपारी विस्कटलेल्या, ढेकळं झालेल्या बर्फातही असंच होतं. जड बोर्ड ढेकूळ फोडून पुढे जातो, हलका त्यावरून उडतो किंवा तिरका होतो. मात्र सगळेच हलके बोर्ड इतके चंचल नसतात. कडांलगत रबराची पट्टी, साइडवॉलमध्ये (बोर्डाच्या बाजूच्या भिंतीत) मऊ युरेथेन, बेसाल्ट फायबर किंवा कॉर्क वापरलेला हलका बोर्ड बराच शांत असतो. यासाठी काही दहा ग्रॅम वाढतात. ते वाढू द्या.

ताज्या भुसभुशीत बर्फात वजनाचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. तिथे नाकाची रुंदी आणि बोर्डाचा आकार महत्त्वाचा.

चढाई, चेअरलिफ्ट आणि हवा

स्प्लिटबोर्ड, म्हणजे चढताना उभा दोन भागांत सुटा होणारा बोर्ड, घेणारे वजनाकडे आधी पाहतात, आणि ते योग्यच आहे. मधल्या जादा कडांमुळे आणि जोडणीच्या सामानामुळे हा बोर्ड मुळातच जड असतो. पण फायदा कुठे मिळतो ते ओळखा. 1,000 मीटर चढाईत 600 ग्रॅम वर नेण्याचं काम सहा किलोज्यूलच्याही आत बसतं, म्हणजे नगण्य. खरा फायदा पावलापावलाला मिळतो. हजारो वेळा अर्धा बोर्ड पुढे सरकवायचा असतो, आणि तीव्र उतारावर नागमोडी वळण घेताना तो पूर्ण उचलून फिरवायचा असतो. दमलेल्या मांडीला तिथे 300 ग्रॅमसुद्धा कळतात. हेही लक्षात ठेवा की ओलसर बर्फात टॉपशीटवर, म्हणजे बोर्डाच्या सर्वात वरच्या थरावर, चिकटलेला गोळा काही शे ग्रॅमचा सहज होतो. तो दर थांब्यावर काठीने खरवडला नाही, तर विकत घेतलेला हलकेपणा बर्फाखाली जातो.

चेअरलिफ्टवर बोर्ड पुढच्या एका पायाला लटकतो आणि गुडघ्याला पीळ देतो. गुडघ्याची जुनी दुखापत असेल तर केवळ या कारणासाठी हलका बोर्ड घेणं रास्त आहे. कमी वजनाच्या व्यक्तींना आणि मुलांनाही फायदा मोठा असतो. 80 किलोच्या माणसाला 600 ग्रॅम म्हणजे पाऊण टक्का, 30 किलोच्या मुलाला दोन टक्के.

उड्या आणि हाफपाइप, म्हणजे बर्फात कोरलेली अर्धनळी, यांसाठी हलकी टोकं हवीतच. रेल (घसरत जायचे धातूचे दांडे) आणि असे अडथळे मांडलेल्या पार्कसाठी मात्र नकोत, आणि त्याचं कारण पुढे आहे.

मोडतं कुठे आणि का

ग्लास फायबर तुटण्याआधी साडेचार टक्क्यांपर्यंत ताणला जातो, कार्बन दीड-दोन टक्क्यांतच तुटतो. म्हणून ग्लासचा बोर्ड आधी इशारा देतो: टॉपशीटखाली पांढरट डाग दिसतो, वाकवताना करकर ऐकू येते, एखादी सुरकुती पडते. कार्बनवर भर दिलेला बोर्ड बरेचदा एका चुकीच्या उतरण्यात तडकतो. जागा ठरलेली असते, बाइंडिंग बोर्डाला स्क्रूने बसवणाऱ्या चकतीला लागून. कारण चकतीखालचा भाग ताठ असतो आणि वाकणं एकदम तिच्या कडेला सुरू होतं.

रेलवर कडेला बसणारा फटका हलकं लाकूड दाबून टाकतो. पॉप्लर किंवा बांबूचा कोअर जिथे फक्त ओरखडा घेऊन सुटतो, तिथे बाल्सा चेपतो आणि कड आत सरकते. पोकळ जाळीच्या कोअरला खोच पडून पाणी शिरलं, तर दुरुस्ती जवळजवळ अशक्य. लाकडी कोअरला तशी खोच पडली तर तो दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत वाळवायचा, भोवतालचा तळ चौकोनात कापून काढायचा, इपॉक्सी लावून तळाच्या पॉलिथिनचा तुकडा बसवायचा, आणि इपॉक्सी पूर्ण सुकेपर्यंत दाबून ठेवायचा.

कोणता घ्यावा

पहिला किंवा एकुलता एक बोर्ड घेत असाल, दिवस यंत्राने सपाट केलेल्या उतारांवर जात असतील, वेग आवडत असेल किंवा पार्कमध्ये रेलवर जायचं असेल, तर 2.8 ते 3.1 किलोचा, पॉप्लर किंवा मिश्र लाकडाचा बोर्ड घ्या. वजन कमी करण्याची हौस असेल तर आधी बूट पाहा. तिथे बचत स्वस्तात होते आणि ती चालतानाही कामाला येते.

चढून जाणारे, झाडांत फिरणारे, हवेत जाणारे, शरीराने हलके किंवा गुडघ्याने हैराण असलेले यांनी अतिहलका जरूर घ्यावा, पण कंपन शोषणाऱ्या थरांसकट.

हातात घेऊन तपासताना

वजनकाटा सोबत ठेवा. लाकडाची घनता झाडागणिक बदलते, म्हणून एकाच मॉडेलच्या दोन बोर्डांत शंभरेक ग्रॅमचा फरक सापडतो. तुलना करताना लांबी आणि कंबरेची (मधल्या अरुंद भागाची) रुंदी दोन्ही जुळवा. रुंद बोर्ड जड असणारच. मग कंबरेला धरून नाकावर मुठीने हलकी थाप द्या. ठण आवाज येऊन हातात थरथर रेंगाळली, तर तीच कडक बर्फावर पायात येणार. आवाज बसका आणि लगेच विरणारा असेल तर चांगलं. दोन्ही टोकं धरून मनगटांनी उलटसुलट पीळ द्या: कार्बनच्या तिरप्या पट्ट्या असतील तर बोर्ड जेमतेम पिळेल, आणि अशा बोर्डावर सावकाश वेगात लहान चुकांना माफी कमी मिळते.

शेवटी स्क्रू. बोर्डातले इनसर्ट, म्हणजे स्क्रू ज्यांत बसतात ती धातूची नळकांडी, एम6 (6 मिमी) आट्यांचे असतात, एका फेऱ्याला एक मिलिमीटर. स्क्रू हाताने निदान पाच-सहा पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. पातळ कोअरच्या बोर्डात जुन्या बाइंडिंगचे लांब स्क्रू वापरले, तर टोक इनसर्टच्या बुडाला टेकतं आणि तळाला खालून फुगवटा येतो. उलट गरजेपेक्षा जास्त आवळला तर मऊ लाकडातला इनसर्ट वर खेचला जातो आणि तळाला खळगा पडतो. तीन नंबरचा पोझिड्राइव्ह पेचकस घ्या, हाताच्या जोरानेच आवळा, यंत्राने नको. नंतर बोर्ड उलटा करून तळावर सरळ पट्टी आडवी धरा. बाइंडिंगखाली पट्टीच्या आड उजेडाची फट दिसली, तर चारही स्क्रू पाव-पाव फेरा सैल करा आणि पुन्हा पाहा. पहिल्या दिवशी उतारावरून दोन-तीनदा खाली आल्यानंतर स्क्रू परत एकदा तपासा, कारण थंडीत चकती आणि टॉपशीट आकसून ते किंचित ढिले पडतात.